साध्या क्रियापदांचे सोबती

मराठी माणूस चूक करतो, गृहपाठ करतो, अंघोळ करतो, फोन करतो, नुकसान करतो आणि लग्नही करतो. सहा कामे सहा वेगळ्या जातीची, पण क्रियापद एकच. इंग्रजीत पाऊल टाकताच हे एकटे 'करणे' फुटते. चुकीला 'मेक' लागते, गृहपाठाला 'डू', अंघोळीला ब्रिटनमध्ये 'हॅव' आणि अमेरिकेत 'टेक'. फोन पुन्हा 'मेक'कडे जातो, नुकसान 'डू'कडे आणि लग्नाला बोलताना बहुतेक वेळा 'गेट मॅरीड' म्हणतात. यातले एकही क्रियापद अवघड नाही, शाळकरी मुलांना ती सगळी येतात. तरीही वर्षानुवर्षे इंग्रजी वाचणाऱ्या माणसाच्या पत्रात 'आय डिड अ मिस्टेक' हे वाक्य सापडते. व्याकरणाच्या पुस्तकाला त्यात दोष दिसत नाही. काळ बरोबर, कर्ता-कर्म बरोबर, आर्टिकलही जागच्या जागी. चुकली आहे ती फक्त शब्दाची सोबत.

या सोबतीला इंग्रजीत 'कोलोकेशन' म्हणतात. दोन शब्द एकमेकांशेजारी येण्याची भाषेला पडलेली सवय, एवढाच त्याचा ढोबळ अर्थ. कडक चहा आपल्याकडे कडक असतो, इंग्रजीत 'स्ट्रॉंग' असतो, पण 'पॉवरफुल' कधीच नसतो. मोटारीचे इंजिन मात्र 'पॉवरफुल' चालते. कोलोकेशनचे क्षेत्र अफाट आहे आणि या पुस्तकाने त्यातला एकच पट्टा नांगरला आहे. मेक, डू, हॅव, टेक, गिव्ह, गेट, गो, कम, टर्न, फॉल, रन, कीप अशी मूठभर क्रियापदे नामांशी आणि विशेषणांशी कशी जोडली जातात, एवढाच त्याचा विषय. इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाची सर्वांत जास्त फसगत याच पट्ट्यात होते असे माझे ठाम मत आहे, म्हणून ही निवड.

नामांच्या जोड्यांबद्दल एक नियम पूर्वापार सांगितला जातो: काही नवे निर्माण होत असेल तर 'मेक', नुसती कृती असेल तर 'डू'. नियम खोटा नाही. आवाज, वचन, योजना, चूक ही सगळी 'मेक'ने निर्माण होतात. काम, संशोधन, भांडी घासणे ही 'डू'ने पार पडतात. पण प्रगती 'मेक' का आणि उपकार 'डू' का, हे त्या नियमातून निघत नाही. लक्ष तर या दोघांकडेही न जाता 'पे'कडे जाते. तिथे नियम संपतो आणि शब्दाची ओळख सुरू होते.

विशेषणांची गोष्ट मला त्याहून रसाळ वाटते. मराठीत जिन्नस बिघडण्याला ज्याचे त्याचे क्रियापद आहे. दूध नासते, वरण आंबते, भात विटतो, फळ सडते. इंग्रजीत हे सारे बहुधा एका 'गो'वर सोपवलेले आहे आणि फरक दाखवायचे काम विशेषणाकडे दिले आहे. पाव 'गोज स्टेल', लोणी 'गोज रॅन्सिड', चीज 'गोज मोल्डी', दूध 'गोज सावर' किंवा 'टर्न्स सावर'. माणसाची दृष्टी गेली की तो 'गोज ब्लाइंड', केस गेले की 'गोज बॉल्ड', धंदा बुडाला की 'गोज बँकरप्ट', डोके फिरले की 'गोज मॅड'. मात्र म्हातारपणाला 'गो' चालत नाही, तिथे 'गेट' किंवा 'ग्रो' हवे. दमण्याला 'गेट'. आजारपणाला 'फॉल' किंवा 'गेट'. स्वप्न खरे झाले तर ते 'कम्स ट्रू', एखादी मैफल रंगली तर ती 'कम्स अलाइव्ह'.

यात काही तर्क आहे का? ईव्ह क्लार्क यांनी 1974 साली एका निबंधात हा प्रश्न हाती घेतला. ठीक असलेल्या, नेहमीच्या स्थितीपासून दूर नेणारा बदल असेल तर 'गो', त्या स्थितीकडे किंवा इष्ट गोष्टीकडे आणणारा असेल तर 'कम', अशी त्यांची मांडणी होती. बोलणारा जणू चांगल्या स्थितीच्या उंबऱ्यावर उभा आहे आणि तिथून जाणे-येणे पाहतो आहे. मराठी वाचकाला यातला अर्धा भाग लगेच पटेल, कारण आपलीही दृष्टी जाते, तोल जातो, नोकरी जाते, लाईट जाते. उरलेल्या अर्ध्यात आपण वेगळे आहोत. आपल्याकडे बहर आणि मोहर जसे येतात तसा राग, ताप, कंटाळा, घेरी हेही येतातच. मराठी 'येणे' आपण जिथे आहोत तिथे काही दाखल झाल्याचे सांगते, मग ते बरे असो की वाईट. म्हणून 'राग आला'चे इंग्रजी करताना 'कम' कामाला येत नाही, 'गेट अँग्री' म्हणावे लागते. आणि इंग्रजीतही क्लार्क यांची मांडणी सगळीकडे पुरत नाही. सैल झालेला स्क्रू 'कम्स लूज', त्यात इष्ट काही नाही. अलीकडचे 'गो व्हायरल', 'गो लाइव्ह', 'गो डिजिटल' यांत बिघाडाचा लवलेश नाही. कल आहे, पण कायदा नाही.

असाच कल इतर क्रियापदांनाही आहे. 'फॉल' आपला ताबा सुटल्याची छटा आणते: झोप लागणे, आजारी पडणे, एकदम गप्प होणे, प्रेमात पडणे. 'रन'ला साठा संपण्याची ओढ आहे, विहीर 'रन्स ड्राय', पैसे 'रन लो'. 'टर्न' डोळ्यांदेखत पालटणारा रंग, हवा आणि माणसाचा नूर टिपते, आणि कधी विशेषण सोडून थेट नामाला जाऊन भिडते: फितूर झालेला माणूस 'टर्न्स ट्रेटर', मध्ये आर्टिकलसुद्धा लागत नाही. 'लाय' आणि 'स्टँड' बदल सांगत नाहीत, तशीच राहिलेली स्थिती सांगतात. बंद पडलेले यंत्र 'लाइज आयडल', ओस पडलेले घर 'स्टँड्स एम्प्टी'. या छटा एकदा कानात बसल्या की नवी जोडी भेटली तरी ती परकी वाटत नाही.

या क्रियापदांचे इंग्रजीतले वय मोठे आहे. डू, मेक, हॅव, गो ही मूळ जर्मानिक वारशातली. 'टेक' आणि 'गेट' स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या लोकांच्या बोलीतून आली. 'टेक'ने तर 'निमन' हे जुने इंग्रजी क्रियापद व्यवहारातून पार हटवले. 1066 च्या नॉर्मन विजयानंतरच्या शतकांत फ्रेंच आणि लॅटिनमधून अमूर्त नामांचा लोंढा आला आणि ही जुनी, घरगुती क्रियापदे त्या नव्या, भारदस्त नामांशी जोडली गेली. 'मेक अ डिसिजन'मध्ये हे दोन्ही थर शेजारी शेजारी दिसतात.

व्याकरणकारांचे लक्ष मात्र या जोड्यांकडे उशिरा गेले. डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी 1942 साली आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या सहाव्या खंडात 'हॅव अ रेस्ट', 'टेक अ वॉक' यांसारख्या रचनांतल्या क्रियापदांना 'हलकी' म्हटले. क्रियापदाने आपला अर्थ उतरवून ठेवला आहे, ओझे नाम वाहते आहे, अशी ती कल्पना. मग सरळ 'वॉक' न म्हणता 'टेक अ वॉक' का म्हणायचे? एक उत्तर असे की क्रियेचे नाम झाले की तिला विशेषण लावता येते, तिला आरंभ-शेवट मिळतो, ती मोजता येते. 'हॅव अ क्विक लुक'मधली घाईची सहज नजर नुसत्या 'लुक'मध्ये उतरत नाही. आना व्हिएर्झबिट्स्का यांनी 1982 साली एक निबंधच या प्रश्नावर लिहिला की 'हॅव अ ड्रिंक' चालते तर 'हॅव अॅन ईट' का चालत नाही. या जोड्या निव्वळ लहरी नसून त्यांच्या मागे अर्थाची शिस्त आहे, हा त्यांचा आग्रह होता. शिकणाऱ्याला या आग्रहातून धीर मिळतो असे मला वाटते, म्हणून मी त्याच बाजूला झुकतो.

शिकणाऱ्यांसाठी पहिले भरीव काम इंग्लंडमध्ये झाले नाही, टोकियोत झाले. हॅरल्ड पामर 1922 साली जपानला गेले आणि पुढल्याच वर्षी तिथे इंग्रजी अध्यापनाची संशोधन संस्था उभी राहिली. 1933 मध्ये त्यांनी इंग्रजी कोलोकेशन्सवर एक अहवाल प्रसिद्ध केला. जपानी विद्यार्थ्याला सुटे शब्द येतात पण त्यांची गाठ मारता येत नाही, हे वर्गात रोज दिसत होते. त्यातून हजारो जोड्यांचे वर्गीकरण झाले. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी हेच काम कोशात उतरवले आणि तो कोश 1942 साली टोकियोतच छापला गेला. पुढे ऑक्सफर्डच्या नावाने जगभर गेलेला विद्यार्थी-कोश तो हाच. मराठी घराघरांतल्या टेबलांवर त्याच्या पुढच्या आवृत्त्या दिसतात, पण त्याचा जन्म परक्या भाषेत चाचपडणाऱ्या मुलांच्या गरजेतून झाला हे फारसे कोणी सांगत नाही. आपल्या गरजेशी त्याचे नाते त्यामुळे अधिक जवळचे आहे.

सिद्धांत म्हणून कोलोकेशनला प्रतिष्ठा दिली जे. आर. फर्थ यांनी. 1919 ते 1928 ही वर्षे त्यांनी लाहोरच्या पंजाब विद्यापीठात इंग्रजी शिकवण्यात घालवली, नंतर ते लंडनला परतले. शब्दाच्या अर्थाचा एक भाग त्याच्या नेहमीच्या शेजाऱ्यांत असतो, हे त्यांनी 1951 च्या निबंधात मांडले. त्यांच्या परंपरेतल्या मायकेल हॅलिडे आणि जॉन सिंक्लेअर यांनी 1966 मध्ये हा विचार पुढे नेला. सिंक्लेअर तर संगणकाकडे वळले. 1980 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात कॉलिन्स प्रकाशनाबरोबर सुरू झालेल्या त्यांच्या प्रकल्पातून 1987 चा 'कोबिल्ड' कोश निघाला. लाखो वाक्ये एकाखाली एक मांडून पाहिल्यावर दिसले ते असे, की अतिपरिचित क्रियापदांचा पहिला, 'खरा' समजला जाणारा अर्थ प्रत्यक्षात फारसा वापरातच नसतो. 'टेक' म्हणजे हातात घेणे असे आपण पाठ करतो, पण छापील इंग्रजीत 'टेक' बहुतांशी वेळ घेते, जागा घेते, घटना घडवते. पाठ्यपुस्तकांनी शब्दाचा जो अर्थ आधी शिकवला, तो वापरात मागच्या रांगेत होता.

दरम्यान रशियात एक दुसरी वाट तयार झालेली होती. विनोग्रादोव्ह यांनी 1940च्या दशकात शब्दबंधांच्या पायऱ्या लावल्या: पूर्ण गोठलेले वाक्प्रचार एका टोकाला, सुटे शब्द दुसऱ्या टोकाला आणि मध्ये आपल्या या जोड्या, ज्यांत एक शब्द आपल्या अर्थाने येतो आणि दुसरा त्याच्यामुळे बांधला जातो. मॉस्कोत इगोर मेल्चुक यांनी याला जवळपास गणिताचे रूप दिले. कोणत्याही नामाला विचारा, 'तुझी कृती पार पाडायला कोणते क्रियापद लागते?' आणि प्रत्येक भाषेत त्याचे ठरलेले उत्तर मिळते. जर्मन कोशकार हाउसमान यांनी 1980च्या दशकात तीच गोष्ट सोप्या शब्दांत सांगितली: जोडीतले नाम पाया असते आणि क्रियापद त्याच्यावर अवलंबून असते.

म्हणजे दोन घराणी झाली. एक मोजणारे: जे शब्द योगायोगापेक्षा जास्त वेळा शेजारी येतात ते सोबती. दुसरे तपासणारे: जिथे एक शब्द दुसऱ्याची निवड बांधून टाकतो तिथेच सोबत. चर्च आणि हँक्स यांनी 1990 मध्ये मोजण्याचे एक सूत्र दिले आणि पहिल्या घराण्याला संगणकयुगात मोठे बळ आले. दोघांची उपयुक्तता मी मानतो, पण शिकणाऱ्याच्या हातात काय द्यावे या प्रश्नावर मी हाउसमान यांच्याकडे जातो. लिहिणाऱ्याच्या मनात आधी 'निर्णय' असतो, 'प्रयत्न' असतो, 'चूक' असते. क्रियापद तो नंतर शोधतो. त्यामुळे 'मेक' उघडून त्याखालची शंभर नामे पाठ करण्यापेक्षा नाम उघडून त्याचे एक-दोन सोबती पाहणे शहाणपणाचे. 1986 चा बेन्सन-इल्सन यांचा बीबीआय कोश आणि 2002 चा ऑक्सफर्डचा कोलोकेशन कोश याच पद्धतीने रचलेले आहेत.

या इतिहासात कोल्हापूरचे नाव मानाने घ्यायला हवे. 1961 सालच्या अमेरिकी इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संचय ब्राउन विद्यापीठात झाला, त्याच मापाचा ब्रिटिश संचयही तयार झाला. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांनी तेच माप घेऊन 1978 सालच्या भारतीय इंग्रजीचा संचय उभा केला: प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्दांचे पाचशे उतारे. जगभरच्या अभ्यासकांना तो 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणून माहीत आहे. आपण लिहितो ते इंग्रजी केवळ चुकांची यादी नाही, त्याच्याही ठरलेल्या सोबती आहेत, हे त्या संचयामुळे पुराव्यानिशी तपासता येऊ लागले.

यातून एक नाजूक प्रश्न येतो. आपला विद्यार्थी परीक्षा देतो आणि इंग्रजीतही 'गिव्ह अॅन एक्झाम' म्हणतो. लंडनचा विद्यार्थी ती 'टेक' करतो. भारतभर कोट्यवधी लोक 'गिव्ह' म्हणत असतील तर ते चूक कसे? माझ्या मते इथे एकच फूटपट्टी लावू नये. 'टेक अ डिसिजन' आपल्याकडे रूढ आहे आणि ब्रिटनमध्येही चालते. ते सोडायचे कारण नाही. 'गिव्ह अॅन एक्झाम' भारतात सगळ्यांना कळते, पण परदेशी वाचकाला त्यात परीक्षा घेणारा शिक्षक दिसू शकतो, म्हणजे अर्थच उलटतो. 'डिड अ मिस्टेक' कुठल्याही इंग्रजीत रुळलेले नाही. पहिले ठेवावे, दुसरे समोरचा वाचक पाहून वापरावे, तिसरे टाकावे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. त्या मुलांची एक पिढी आता नोकऱ्यांत आहे. शब्दसंग्रह त्यांच्याकडे आहे, पण वहीच्या डाव्या बाजूला इंग्रजी शब्द आणि उजवीकडे एक मराठी प्रतिशब्द या रीतीने तो जमवलेला आहे. तर्खडकरांच्या पाठमालांनी कित्येक पिढ्यांना भाषांतराच्या वाटेने इंग्रजी दिले आणि त्यांचे ऋण मोठे आहे. त्या मालांत निदान अख्खी वाक्ये होती. सुट्या शब्दांच्या यादीत तीही उरत नाहीत. जर्मन विद्यार्थ्यांच्या निबंधांचा अभ्यास करताना नाद्या नेसेलहाउफ यांना आढळले की क्रियापद-नाम जोडीत सर्वाधिक घसरण क्रियापदापाशी होते आणि त्यात मातृभाषेचा वाटा मोठा असतो. पुढारलेल्या विद्यार्थ्यांची ही स्थिती, मग नवख्याची काय सांगावी?

आता यंत्रे हे सगळे लिहून देतात, मग शिकायचे कशाला, असेही विचारले जाते. भाषा हाताळणाऱ्या आजच्या यंत्रांचा पायाच फर्थ यांच्या त्या जुन्या विचारात आहे: शब्द ओळखायचा तो त्याच्या शेजाऱ्यांवरून. त्यामुळे यंत्राला या जोड्या बऱ्यापैकी साधतात. पण मुलाखतीच्या खोलीत, रुग्णाशी बोलताना, फोनवर ग्राहकाला समजावताना तोंडातून वाक्य निघायला क्षणभरच वेळ मिळतो. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सेस सायडर यांनी 1983 मध्ये दाखवले की ओघवते बोलणाऱ्यांकडे तयार तुकड्यांचा प्रचंड साठा असतो. ते प्रत्येक वाक्य शब्दाशब्दाने बांधत नाहीत. तो साठा डोक्यातच असावा लागतो.

या पुस्तकाचा बेत याच हिशेबाने आखला आहे. कोशासारखी सगळी नामे इथे नाहीत. घर, शाळा, दवाखाना, कचेरी आणि प्रवास यांत रोज लागणारी आहेत. प्रत्येक जागी आधी मराठी जोडी येते, तिच्यातले क्रियापद काय करते हे दाखवले जाते आणि मग इंग्रजी जोडी समोर ठेवली जाते. मराठी वाचकाला हे तंत्र जन्मापासून अवगत आहे हे मी गृहीत धरले आहे. तो शपथ खातो, मार खातो, लाच खातो, भाव खातो. या चारांत चावण्या-गिळण्याचा संबंध नाही हे त्याला कोणी शिकवलेले नाही. 'एन्जॉय करणे', 'मिस करणे', 'अॅडजस्ट करणे' म्हणत त्याच 'करणे'ला त्याने इंग्रजी शब्दही जोडून घेतले आहेत. इंग्रजीतल्या हलक्या क्रियापदांकडे जायचा सर्वांत जवळचा रस्ता इथूनच निघतो, आणि इंग्रजीतून इंग्रजी शिकवणाऱ्या परदेशी पुस्तकांना तो सापडण्याची शक्यता नाही.

काही गोष्टी जाणून वगळल्या आहेत. 'गिव्ह अप', 'टेक ऑफ' यांसारख्या क्रियापद-अव्ययांच्या जोड्या हा वेगळा विषय आहे आणि त्यावर चांगली पुस्तके उपलब्ध आहेत. ब्रिटिश आणि अमेरिकी प्रयोगांत फरक असेल तिथे दोन्ही दिले आहेत, भारतीय प्रयोग रूढ असेल तर तसे नोंदवले आहे. सराव प्रत्येक भागाच्या शेवटी आहे, पण त्यात गाळलेल्या जागा भरायच्या नाहीत. वाचकाने आपल्याच दिवसाविषयी पाच-सहा वाक्ये लिहायची आहेत. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायची गरज नाही. ज्या नामापाशी काल अडलात ते अनुक्रमणिकेत शोधा आणि तिथूनच सुरुवात करा.